सहापेक्षा कमी? मग तो थवा नव्हे!

निऑन टेट्रा या माशाच्या अंगावरची निळी रेघ रंगद्रव्याची नसतेच! कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक थरांत रचलेले असतात. त्यांवरून प्रकाश परावर्तित झाला की आपल्याला ती निळी-हिरवी झळाळी दिसते. रात्री टाकीतला दिवा बंद झाल्यावर निऑन फिका पडतो आणि सकाळीही थोडा वेळ तसाच दिसतो. लगेच औषधाची बाटली काढू नका, रंग आपोआप परततो.

निऑन आणि कार्डिनल टेट्रा यांच्यात गल्लत होते? लाल पट्टा बघा. निऑनचा पोटाच्या मध्यापासून मागे जातो, कार्डिनलचा डोक्यापासून थेट शेपटीपर्यंत. कार्डिनल हा ब्राझीलच्या रिओ निग्रो खोऱ्यातला. कुजलेल्या पानांमुळे तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं गडद असतं. तिथल्या बार्सेलोस गावात शोभेच्या माशांचा उत्सव भरतो. अख्खं गाव दोन गटांत विभागतं : एक कार्डिनलचा, दुसरा डिस्कस माशाचा!

आणि आपला झेब्रा डॅनिओ? तो मूळचा भारतीय उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात 1822 साली त्याची नोंद केली. 1976 मध्ये हा मासा सोव्हिएत ‘साल्युत 5’ स्थानकावर अंतराळातही राहून आला. याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्याच्या हृदयाच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला, तरी साधारण दोन महिन्यांत तो पुन्हा वाढतो. आपल्या हृदयाला हे जमत नाही, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागलेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही यावर काम चालतं. आणि दुकानात तो सगळ्यात स्वस्त माशांपैकी एक!

आता मुद्द्याचं. ‘दोन हे द्या, दोन ते द्या’ ही खरेदीची पद्धत या माशांवर अन्याय करणारी आहे. थवा हे त्यांचं संरक्षण आहे. एकसारखे दिसणारे कितीतरी मासे एकदम वळले की शिकाऱ्याला कुणावर झडप घालावी तेच कळत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदी रेषेमुळे शेजाऱ्याची हालचाल त्यांना पाण्यातूनच जाणवते. एकटादुकटा टेट्रा मात्र झाडामागे दडून बसतो, तर एकटा पडलेला टायगर बार्ब इतरांचे पर कुरतडतो.

रमीनोज टेट्राचं लालभडक तोंड पाण्याची खबर देतं. पाणी बिघडलं किंवा मासा भेदरला, की तोंडाची लाली उतरते. 

एंजल फिश देखणा खरा, पण मोठा झाला की निऑन गिळतो. त्यांना एकत्र ठेवू नका. तळाला कोरिडोरास सोडा. हा शांत मासा मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो! 

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. नव्या टाकीत उपयोगी जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. आणि दुकानात गेलात की पाच जातींचा मोह टाळून एकच जात निवडा, आठ-दहा मासे एकदम घ्या.