बोटांना कळणारी नोट

गेल्या रमजानची गोष्ट. आमच्या कापडाच्या दुकानात एका अंध हाफिजसाहेबांनी कुर्त्याचे कापड घेतले. बिल आठशेचे. त्यांनी पाचशेच्या दोन नोटा दिल्या. ईदच्या गर्दीत गल्ल्यावरून त्यांना दोनशेऐवजी शंभराची नोट गेली. त्यांनी ती चाचपली, मोबाईलसमोर धरली. मोबाईल शंभर म्हणाला आणि आमची मान खाली गेली.

चूक गर्दीची म्हणावी, तर नोटाही तशाच आहेत. जुन्या गांधी मालिकेत पन्नास, शंभर आणि पाचशेच्या नोटांच्या लांबीत १० मिलिमीटरचा फरक असे. नव्या मालिकेत शंभराची नोट १४२ आणि दोनशेची १४६ मिलिमीटर. रुंदी दोन्हींची ६६. शंभरावर उठावाचा त्रिकोण व कडेला चार रेघा असतात. दोनशेवर रेघांच्या मध्ये दोन वर्तुळे. पण वापराने उठाव झिजतो.

म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे मोफत ॲप आणले. ते इंटरनेटशिवाय चालते. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही.

व्यापारी बांधवांनो, अंध गिऱ्हाईकाला पैसे परत करताना प्रत्येक नोट मोठ्याने सांगून हातात द्या. क्यूआरवर पैसे आल्याचे सांगणाऱ्या डब्याचा आवाज त्यांच्यासाठीही मोठा ठेवा. मापात मारणे हराम, हे आपण जाणतो. सुट्ट्या पैशांचा हिशेबही त्याच तराजूत तोलला जाणार आहे.