पडण्याआधीची दोन मिनिटं

डोळ्यांवर आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट चढवला की केअर होममध्ये वृद्धांची काळजी घेणारी ताई थेट एका खोलीत पोहोचते. पहाटेचे 3 वाजलेत. 82 वर्षांच्या आजी पलंगावरून पाय खाली सोडून बसल्या आहेत, त्यांना बाथरूमला जायचंय. अजून काही घडलेलं नाही. शिकायचं ते सगळं याच दोन मिनिटांत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी 6,84,000 माणसं पडून दगावतात, त्यांत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण सर्वाधिक. पण आकडा ऐकून कुणाची नजर तयार होत नाही. ती खोलीत उभं राहूनच तयार होते.

यंत्राचं काम तसं सोपं. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदूला खोली खरी वाटते. मान वळली की संवेदक ते टिपतात आणि चित्रही त्याच क्षणी वळतं. यात उशीर झाला तर मळमळतं.

आता खोलीतले धोके शोधायचे. वॉकर पलंगाच्या पलीकडे राहिलाय. चष्मा टेबलावर. पायात मागे पट्टा नसलेल्या सपाता. पलंग इतका उंच की टाचा जमिनीला टेकत नाहीत. बाथरूममध्ये फरशी, भिंत, कमोड सगळंच पांढरं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर, धूसर होतं आणि बैठकीची कड पांढऱ्यात हरवते. तिथे रंगीत सीट बसवणं हा स्वस्तातला उपाय आहे. डिमेन्शिया असलेल्या माणसाला तर दारातलं काळं पायपुसणं खड्डाही वाटू शकतं.

एक धोका मात्र दिसत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर भोवळ येऊ शकते. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा धोका वाढतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग, स्वतः म्हातारं होण्याचा. एम्बॉडीड लॅब्ज या अमेरिकन कंपनीच्या एका अनुभवात पाहणारा 74 वर्षांचा आल्फ्रेड होतो. दृष्टिपटलाच्या विकारामुळे नजरेच्या मधोमध काळा डाग असतो, बोलणंही नीट ऐकू येत नाही. ‘आजोबा लक्षच देत नाहीत’ असं यानंतर म्हणवत नाही.

हेडसेटमध्ये माणसाचं वजन मात्र हाताला जाणवत नाही. आधार देऊन उठवणं, हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) वापरणं हे प्रत्यक्षच शिकावं लागतं. शिवाय घाबरलेला कर्मचारी ‘बसूनच राहा’ म्हणायला लागला, तर सगळं शिक्षण उलटलंच म्हणायचं. न चालल्याने पायांतली ताकद जाते आणि पडण्याची शक्यता वाढते. म्हणून हेडसेट उतरवल्यावरच्या गप्पा टाळून चालत नाहीत. काय दिसलं, काय सुटलं, हे तिथेच उलगडतं.

मग तोच प्रसंग पुन्हा. या वेळी ताई आधी दिवा लावते, चष्मा हातात देते, वॉकर जवळ घेते. आजींना घोटे वरखाली हलवायला सांगते, चक्कर येतेय का विचारते आणि शेजारी थांबते.