आरतीला गृहिणीही हवी

गणेशचतुर्थीला घरात झांजा वाजू लागतात, तेव्हा गृहिणी बहुधा मोदकपात्रापाशीच अडकलेली असते. नैवेद्य ताजाच हवा, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु पूर्वतयारी काही शिळी होत नाही. मोदकांसाठी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून पिठी आठवडाभर आधीच दळून ठेवावी. गूळ आदल्या रात्री चिरावा, पूजेची पितळी उपकरणीही तेव्हाच चिंचेने उजळावीत. सकाळी प्रथम सारण करावे आणि ते निवेपर्यंत कुकरमध्ये एकावर एक डबे ठेवून वरण-भात लावावा. उकड गरम असतानाच मळावी. निवली की पारीला चिरा पडतात आणि फुटके मोदक पुन्हा वळण्यात वेळ जातो. गौरी जेवतात त्या दिवशीच्या पुरणाचेही तसेच: डाळ तासभर आधी भिजवावी, पुरण गरम असतानाच वाटावे. उकडीचे पातेले रिकामे होताच त्यात पाणी ओतावे, म्हणजे ते खरवडत बसावे लागत नाही. मोदक वळायला मात्र घरातील सर्वांनी बसावे. एवढे झाले, तर आरतीला तीही सर्वांसमवेत उभी राहील आणि सण तिचाही होईल.