काचेच्या केटलमधील पांढरा थर

पाणी उकळून पिण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. कोणी व्रत म्हणून, कोणी चातुर्मासापुरते, तर कोणी पावसाळ्यातील पोटाच्या विकारांच्या धास्तीने उकळलेले पाणी घेतो. पूर्वी हे काम चुलीवरील पितळी पातेल्यात होई. आता पुष्कळ घरांत ते ओट्यावरील काचेच्या विजेच्या केटलकडे आले आहे. पातेल्याच्या तळाशी काय साचते हे सहसा कोणी निरखून पाहत नसे. काच मात्र काहीच लपवीत नाही. महिना-पंधरा दिवसांत तळाच्या चकतीवर पांढरे ठिपके उमटतात, मग कडेने वलय धरते आणि पाहता पाहता काच धुरकट होते. तेव्हा घरात दोन प्रश्न निघतात: हे पाणी प्यावे की नाही, आणि केटल टाकून द्यावी की काय?

हा थर म्हणजे मळ नव्हे. तो आपल्या भूमीचाच दगड आहे. आमचे बपेरा गाव तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींमुळे हा तालुका सर्वांना ठाऊक आहे. या खाणी ज्या सौसर खडकसमूहात आहेत, त्यात संगमरवर आणि इतर चुनायुक्त खडकही आढळतात. पावसाचे पाणी मुळात मृदू असते. जमिनीत मुरताना ते हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि वाटेत भेटणारा चुना विरघळवीत विहिरीत किंवा कूपनलिकेत येते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही व डाळ लवकर शिजत नाही, ते हेच. शालेय पुस्तकांत त्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे. ते उकळले की विरघळलेला चुना पुन्हा घनरूप होतो आणि तळाला चिकटतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आरोग्याच्या कारणावरून कठिणतेला कोणतीही मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे थर दिसताच मूतखड्याच्या भयाने पाणी सोडण्याचे कारण नाही. ज्यांना तो विकार आधीच आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग थर राहू द्यावा का? नाही, आणि त्याचे कारण केवळ शोभेचे नाही. केटल बंद करणाऱ्या सहसा दोन यंत्रणा असतात. पहिली वाफ लागताच बंद करते, म्हणजे पाणी खरोखर उकळल्यावर. दुसरी तळाची चकती प्रमाणाबाहेर तापल्यास बंद करते. ती कोरड्या केटलच्या रक्षणासाठी असते. चुन्याच्या थरातून उष्णता सहज पार होत नाही. थर जाड झाला की चकतीची उष्णता पाण्यात पुरेशा वेगाने उतरत नाही, चकतीच अधिक तापते आणि दुसरी यंत्रणा पाणी उकळण्यापूर्वीच केटल बंद करू शकते. दिवा विझतो, आपण पाणी उकळले असे समजतो, पण ते केवळ तापलेले असते. ज्यांचा नियम उकळलेल्या पाण्याचा आहे, किंवा ज्या घरात लहान मूल वा आजारी माणूस आहे, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेल्यामुळे येथेही थोडा हिशेब मांडतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारे ०.०९ युनिट वीज लागते. १५०० वॅटच्या केटलला त्यासाठी साडेतीन मिनिटे हवीत. उष्णतेची गळती धरता चारच्या आसपास. स्वच्छ केटलला लागणारा वेळ एकदा टिपून ठेवावा. पुढे तेवढ्याच पाण्याला ती बरीच आधी बंद होऊ लागली आणि खळखळ दिसली नाही, तर थर काढण्याची वेळ झाली असे समजावे.

थर खरवडायचा नसतो, विरघळवायचा असतो. व्हिनेगर आंबवून तयार होत असल्याने आपल्या अनेक घरांत ते येत नाही. त्याऐवजी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, उत्तम काम करते. मात्र तेही आज कारखान्यांत साखरेच्या किण्वनातून बनवले जाते. ज्यांना तेही नको, त्यांनी ताज्या लिंबांचा रस घ्यावा. एक ग्रॅम चुन्याला सुमारे सव्वा ग्रॅम सायट्रिक आम्ल लागते आणि एका रसरशीत लिंबात ते साधारण दीड-दोन ग्रॅम असते. म्हणून पातळ थराला दोन-तीन लिंबे पुरतात; जाड थराला लिंबूसत्त्वाचे दोन छोटे चमचे घ्यावेत.

केटल बैठकीवरून उचलून पूर्ण गार होऊ द्यावी. थर बुडेल इतके कोमट पाणी घालून त्यात आम्ल मिसळावे. बारीक बुडबुडे येऊ लागतील. तो सुटणारा कार्बन डायऑक्साइड होय. अर्धा तास तसेच ठेवावे. हे द्रावण उकळू नये, कारण चुना व सायट्रिक आम्ल यांपासून होणारा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो आणि नवाच पांढरा थर बसू शकतो. नंतर ओतून मऊ कापडाने पुसावे, उरल्यास पुन्हा तसेच करावे. तोटीची जाळी निघत असल्यास वाटीत वेगळी भिजवावी. शेवटी दोनदा विसळून, एकदा साधे पाणी उकळून ते टाकून द्यावे.

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांचा, आणि पितळ चिंचेने लखलखते हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. केटलला मात्र चिंच लावू नये. तिच्यातील टार्टरिक आम्लाचा चुन्याशी होणारा क्षार पाण्यात फारसा विरघळत नाही. संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. ते पोलादी चकती खाते. तेच ॲसिड ब्लीचिंग पावडरशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. तारेच्या घासणीने काचेवर ओरखडे पडतात. केटल किंवा तिची बैठक पाण्यात बुडवू नये, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

उकळलेले पाणी केटलमध्ये रात्रभर न ठेवता लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे व केटल पालथी न घालता झाकण उघडे ठेवून वाळू द्यावी. पंधरवड्यातून एकदा एका लिंबाच्या रसाने धुतली, तर थर जाड होण्याची वेळच येत नाही.