बालनट ते संगीतकार : पं. राम मराठे यांची घडण

प्रस्तावना

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'गोपालकृष्ण' हा चित्रपट १९३८ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, संगीत मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे आणि कृष्णाच्या भूमिकेत राम मराठे हा अवघ्या तेरा वर्षांचा मुलगा. पुढे पंचवीस वर्षांनी, १९६३ मध्ये, 'संगीत मंदारमाला' या नाटकाचे संगीतकार आणि त्यातील प्रमुख गायक नट म्हणून हेच नाव महाराष्ट्रभर गाजले. या दोन घटनांचा उल्लेख चरित्रलेखनात बहुधा एका दमात केला जातो. जणू लहानपणी गाणारा मुलगा मोठेपणी संगीतकार होणे हा निसर्गक्रमच आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले आणि ते कोणामुळे घडू शकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दूरचित्रवाणीने बालकलाकारांची संख्या कितीतरी वाढविली असल्याने हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

आवाज फुटणे

मुलगा वयात येताना स्वरयंत्राची वाढ वेगाने होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज साधारणतः एका सप्तकाने खाली उतरतो. हा बदल काही महिन्यांत पुरा होतो किंवा वर्ष-दोन वर्षे रेंगाळतो. या काळात आवाजावर ताबा राहत नाही. कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज आज चिरकतो. मुलींच्याही आवाजात बदल होतो, पण तो इतका मोठा नसतो. काळी चार किंवा पाचमध्ये गाणारा मुलगा काळी एक-दोनकडे येतो, तेव्हा केवळ पट्टी बदलत नाही, तर गळ्याने वर्षानुवर्षे लावून घेतलेले सगळे अंदाज नव्याने बसवावे लागतात. गायक बालनटाची कारकीर्द येथेच संपते. कारण प्रेक्षकांनी ज्यावर प्रेम केले तो आवाजच उरलेला नसतो.

मराठी रंगभूमीला हा अनुभव जुना आहे. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करीत. आवाज फुटला आणि भूमिका गेली. नाटक मंडळीचे गणित तेव्हा रोकडे होते. बुवांनी मात्र बडोद्याला फैज महंमद खाँ यांच्याकडे नव्याने शिक्षण सुरू केले. पुढे नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांची तालीम घेतली. ज्या रंगभूमीवरून त्यांना उतरावे लागले, तिच्यासाठीच त्यांनी 'स्वयंवर' (१९१६) आणि 'द्रौपदी' (१९२०) या नाटकांना संगीत दिले. हे सारे त्यांनी स्वतःच्या चिकाटीने केले. कंपनीने त्यांच्यासाठी काही व्यवस्था केली नव्हती.

मास्टर कृष्णराव हे पुढचे उदाहरण. आळंदीत जन्मलेले कृष्णराव नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले. त्यांना भास्करबुवा गुरू लाभले. ज्या गुरूला स्वतःचा आवाज एकदा गमवावा लागला होता, त्याच्या हाती हा मुलगा पडला, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला योगायोगापेक्षा अधिक वाटते. भास्करबुवांच्या निधनानंतर गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची धुरा कृष्णरावांकडे आली. 'कान्होपात्रा' (१९३१) हे त्यांच्या नाट्यसंगीताचे एक ठळक उदाहरण. नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागल्यावर ते चित्रपटाकडे वळले आणि 'धर्मात्मा' (१९३५) पासून प्रभातचे संगीतकार झाले. तेथे त्यांच्यासमोर राम मराठे आले.

राम मराठे यांचे शिक्षण

रामचंद्र पुरुषोत्तम मराठे यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात झाला. मुंबईत मनहर बर्वे यांच्याकडे त्यांनी आरंभीचे धडे घेतले. सागर मूव्हीटोनच्या चित्रपटांत लहान भूमिका केल्यानंतर ते प्रभातमध्ये आले. पार्श्वगायनाची पद्धत त्या वेळी पुरती रुळलेली नव्हती, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या मुलाने स्वतःच गाणे अपेक्षित असे. 'माणूस' (१९३९) मध्ये ते चहाच्या हॉटेलातील पोऱ्याच्या भूमिकेत दिसतात. गोकुळाचा राजा वर्षभरात कपबशा उचलू लागला. पण प्रभातच्या मुलांना अशा भूमिकांचा कमीपणा वाटत नसावा.

यानंतरचा काळ पडद्यावर दिसत नाही म्हणून चरित्रकार तो दोन ओळींत उरकतात. वस्तुतः तोच निर्णायक आहे. मास्टर कृष्णराव, यशवंतबुवा मिराशी, वामनराव सडोलीकर, विलायत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' अशी त्यांच्या गुरूंची नावे सांगितली जातात. यांतून ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही परंपरांशी त्यांचा संबंध आला. एवढ्या घराण्यांची तालीम एका गळ्यात मावते का, अशी शंका शुद्धतावादी घेतील. मराठे यांच्या गायनात ग्वाल्हेरची मोकळी मांडणी आणि आग्र्याची लयकारी ही दोन अंगे अधिक ठळक होती, असे म्हणता येईल. लयीशी झुंज घेणारी त्यांची तान आग्र्याच्या वळणाची आहे. नवा, पुरुषी, धारदार आवाज त्यांनी या तालमीतून उभा केला. बालकृष्णाच्या कोवळ्या आवाजाचा त्यात मागमूसही नाही.

अमरावतीत जन्मलेले नाटककार विद्याधर गोखले यांच्या 'मंदारमाला'ने संगीत रंगभूमीच्या पुनरुज्जीवनाला हातभार लावला. मराठे यांनी अहिर भैरव रागात बांधलेली शंकराची स्तुती आणि प्रसाद सावकार यांच्याबरोबरची वसंतवर्णनाची जुगलबंदी आजही मैफलींत मागितली जाते. गोखले यांच्या 'मेघमल्हार' या नाटकालाही त्यांचेच संगीत होते. या चालींचे वैशिष्ट्य असे, की त्यांत राग पूर्ण ताकदीने येतो आणि तरीही प्रसंग थांबून राहत नाही. नुसत्या मैफलीच्या गवयाला हे सहसा साधत नाही, कारण त्याला वेळेचे बंधन अपरिचित असते. मराठे यांना ते तेराव्या वर्षापासून ठाऊक होते: कॅमेऱ्यासमोर, ठरलेल्या मिनिटांत, शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर आणून गाणे. भास्करबुवा आणि कृष्णराव यांच्याबाबतही हेच म्हणावे लागेल. बालपणीचा अभिनय आणि नंतरची कठोर तालीम, या दोहोंच्या मिलाफातून तिघांमधला संगीतकार घडला. यांतील पहिला घटक अनेकांपाशी असतो. दुसऱ्याची सोय क्वचितच होते.

वैदर्भीय वाचकांना येथे वसंतराव देशपांडे आठवतील. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेले वसंतरावही भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' (१९३५) मध्ये कृष्ण झाले होते. नागपुरातील शंकरराव सप्रे यांची तालीम त्यांच्या पाठीशी होती. पुढे अनेक वर्षे सैनिकी लेखा खात्यात नोकरी करून त्यांनी गाणे टिकविले आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) ने त्यांना सर्वतोमुखी केले. एकाच दशकातले पडद्यावरचे दोन कृष्ण पुढे संगीत रंगभूमीचे आधारस्तंभ झाले, ते दोघांनाही आवाज फुटल्यानंतर शिकविणारे कोणी होते म्हणून.

दूरचित्रवाणीचा काळ

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु गाणाऱ्या मुलांना घराघरांत नेले ते झी मराठीवरील 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' (२००८-०९) या कार्यक्रमाने. त्यातील विजेती कार्तिकी गायकवाड आळंदीची आणि वडिलांकडूनच शिकलेली. आर्या आंबेकरला आईकडून तालीम मिळाली. म्हणजे कृष्णरावांना नाटक मंडळीत आणि मराठ्यांना फिल्म कंपनीत जे मिळाले, ते या मुलींना घरात मिळाले. वाहिनीशी संबंध कार्यक्रमापुरता असतो. पगारी संगीत दिग्दर्शक आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षे वावरणारी मुले, ही रचना आता नाही. ज्याच्या घरात गाणे नाही अशा आर्वी किंवा हिंगणघाटच्या मुलाचा आवाज चौदाव्या वर्षी फुटला, तर त्याने कोठे जावे?

कायद्याने बालकलाकारांची दखल घेतली आहे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यातील २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम यांनुसार मुलाला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम करविता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. शाळेचे नुकसान होऊ नये याचीही तरतूद आहे. नियम चांगले आहेत. मात्र काम सुटल्यानंतरच्या वर्षांविषयी ते काही सांगत नाहीत. मुदत ठेवीतून तालमीचा खर्च भागेल. ती देणारा गुरू गावात असेलच असे नाही.

आपल्या विभागापुरते पाहता विद्यापीठीय संगीत विभागांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर नागपूर विद्यापीठातून संगीताची पदव्युत्तर पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी गजाननबुवा जोशी आणि राम मराठे यांच्याकडे गेले. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी मराठे यांचे निधन झाले. पुढे १९९३ पासून कशाळकर कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून शिकवू लागले, आणि भास्करबुवांपासून आलेली ही तालीम तेथील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.