दोन बेल परत आल्याशिवाय गाडी हलत नाही

ज्याचा जसा धंदा, तसा त्याचा प्रेमाबद्दलचा सल्ला. सीए सांगतो, आधी समोरच्याचा ताळेबंद बघा. डॉक्टर म्हणतो, जुनी हिस्ट्री नीट विचारून घ्या. वकिलाच्या मते तोंडी काही कबूलच करू नये. ऐकायला हे मजेशीर वाटतं, पण सगळ्यांत एकच खोट आहे: एक जण तपासणारा आणि दुसरा तपासला जाणारा. कांदेपोह्यांचा कार्यक्रम नको म्हणून डेटिंग अ‍ॅपवर आलेल्या पोरांना हे लोक पुन्हा मुलाखतीलाच बसवतात. मुंबईच्या उपनगरात जोडीदार शोधणाऱ्यांना सल्ला द्यायचा खरा अधिकार लोकल चालवणाऱ्यांचा आहे. त्यांचं काम दोघांचं असतं, आणि तेही एकमेकांचं तोंड न बघता करायचं असतं.

बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब. पुढच्या टोकाला मोटरमन, मागच्या टोकाला गार्ड. (2022 मध्ये रेल्वेने त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, लोकांच्या तोंडी तो अजून गार्डच आहे.) पुढचा सिग्नल मोटरमनला दिसतो, फलाटावरची चढउतार गार्डला. गार्ड दोन बेल देतो, मोटरमन तशाच दोन बेल परत देतो आणि मग गाडी निघते. एक बेल म्हणजे थांब. तिथे ‘का बरं?’ असा वाद घालायचा नसतो. यातली महत्त्वाची आहे ती परत आलेली बेल. मेसेजखाली उमटलेली निळी खूण म्हणजे परतीची बेल नव्हे. निरोप वाचला गेला, एवढंच ती सांगते. गप्प बसण्याला होकार समजणारे बहाद्दर मोटरमनच्या नोकरीत आठवडाभर टिकणार नाहीत. त्यातून मोटरमनच्या हाताखाली ‘डेडमॅन हँडल’ असतो. गाडी चालू असताना त्यावरचा दाब सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं, असं मानून हात काढून घेणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट सूचना कुठल्या पुस्तकात सापडायची नाही.

कुणी म्हणेल, असे नियम लावले तर प्रेमातली मजाच जाईल. पण नियम आहेत ते दोन टोकांच्या दोघांना. ते पाळले जातात म्हणून तर मधल्या डब्यांत भजनं रंगतात, भाजी निवडून होते, वाढदिवसाचा केक कापला जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जी लोकल स्वतः वेळेवर येत नाही, तिने काय शिकवावं? उशीर होणारच, पण कारण न सांगता, रोज त्याच आवाजात मागितलेली माफी लोक ऐकेनासे होतात. तेव्हा रेल्वेची दिलगिरी मात्र कुणी गिरवू नये. आणखी एक कबूल करायला हवं. मोटरमन आणि गार्ड एकमेकांना निवडत नाहीत, त्यांची जोडी ड्युटी लावणारा जमवतो. म्हणजे तेही शेवटी ठरवून झालेलंच!

उपनगरात प्रेमाआधी नकाशा येतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. सरळ रेषेत अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण लोकलने दादरला वळसा घालून जायचं तर ते 45 च्या आसपास जातं. अंधेरी-घाटकोपरची तीच रड होती. 8 जून 2014 रोजी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो धावू लागली. 11.4 किलोमीटर, 12 स्थानकं, आणि वेस्टर्न आणि सेंट्रल रेल्वेमधला दुरावा अर्ध्या तासाच्या आत आला. त्या मार्गाने किती संसार जोडले, याची नोंद कुणी ठेवत नाही; ठेवायला हवी होती. बोरिवली-मुलुंडकरांच्या नशिबी मात्र अजून वळसाच आहे. अशांसाठी रेल्वेची सगळ्यात शहाणी रीत म्हणजे डागडुजीसाठीचा रविवारचा ब्लॉक. सेंट्रलवर तो मेगाब्लॉक, वेस्टर्नवर जंबोब्लॉक. कुठून कुठवर, किती ते किती, हे आदल्या दिवसापर्यंत जाहीर होतं आणि बऱ्याचदा गाड्या बंद न होता दुसऱ्या रुळांवरून जातात. डागडुजीसाठी वेळ हवा असेल तर तो सांगून मागावा. न सांगता फोन उचलणं थांबवलं, तर समोरचा फलाटावर ताटकळत राहतो. आणि हाच रविवार बहुतेकांचा भेटीचा एकमेव दिवस. तेव्हा बोरिवलीकरांनो आणि मुलुंडकरांनो, रविवारची वेळ ठरवण्याआधी शनिवारी दोन्ही रेल्वेंची ब्लॉकची पत्रकं बघा. एकाच दुपारी दोन्हीकडे काम निघालं असेल, तर भेट संध्याकाळवर ढकला, आणि तसं कळवा.