मान दुखते, नेम चुकतो : दुखणे एकच!

इस्लामपूरचे एक गृहस्थ मध्यंतरी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा नुकताच बारावी झालेला. सहा महिन्यांपासून स्नूकर शिकतो. मान आखडलेली, कमरेत कळ. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याला जरा समजावून सांगा. हा नाद सोड म्हणावं." मुलगा हळूच म्हणाला, "दुखतंय ते खरं आहे. पण अजून सरळ बॉलसुद्धा जात नाही माझा. आत्ता कसा सोडू?"

मी कोपऱ्यातली काठी त्याच्या हाती दिली आणि तपासणीच्या टेबलावर वाकून नेम धरायला सांगितले. पाहतो तर पाय जवळजवळ, पाठीला कमान, मान ताणून वर केलेली, मूठ घट्ट आणि श्वास रोखलेला! त्याची मान का दुखते ते कळले, आणि बॉल सरळ का जात नाही तेही कळले. दोन्हींचे कारण एकच होते.

आधी खेळाविषयी थोडे. स्नूकर म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा अनेकांचा समज आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये हा खेळ जन्मला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. पुण्यातच जन्मलेले पंकज अडवाणी २००३ साली स्नूकरचे जागतिक हौशी विजेते झाले. तेव्हा खेळात खोट नाही; खोट असेल तर ती खेळण्याच्या पद्धतीत.

स्नूकरचे टेबल सुमारे १२ फूट लांब, ६ फूट रुंद आणि पावणेतीन फुटांहून थोडे उंच असते. इतक्या खाली दर फटक्याला वाकावे लागते. शिकाऊ खेळाडू पाठीतून वाकतो. वाकायचे असते ते खुब्यातून. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय नेमाच्या रेषेवर सरळ ठेवावा, डावा पाय खांद्याइतक्या अंतरावर ठेवून गुडघा किंचित वाकवावा. डावा पंजा टेबलावर पक्का रोवावा. म्हणजे शरीराचा भार पाय आणि हात वाटून घेतात आणि कमरेला विसावा मिळतो. शरीर स्थिर झाले की क्यूही स्थिर होतो.

क्यू मुठीत आवळू नये, अलगद धरावा. मूठ आवळली की मनगट, खांदा आणि मान ओळीने ताठरतात व क्यू वाकडा जातो. फटक्याच्या वेळी कोपराखालचा हात तेवढा झोपाळ्यासारखा हलावा. बॉल कुठे गेला हे पाहण्यासाठी लगेच उठायची घाई नको. फटका पूर्ण होईपर्यंत डोके जागच्या जागी असावे.

सरावाचा एक सोपा प्रकार सांगतो. पांढरा बॉल तपकिरी बॉलच्या जागेवर ठेवावा आणि निळ्या, गुलाबी व काळ्या बॉलच्या खुणांवरून समोरच्या कडेला मारावा. फटका सरळ असेल तर बॉल त्याच रेषेवरून परत येतो. बाजूला गेला तर नकळत त्याला फिरकी दिली गेली, असे समजावे. रोज पंधरा-वीस मिनिटे हेच करावे. सात गुणांच्या काळ्या बॉलचा मोह नंतर!

डोळ्यांकडेही लक्ष हवे. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दोन फटक्यांमध्ये मुद्दाम पापण्या मिटाव्यात. वाकल्यावर चष्म्याच्या वरच्या कडेतून पाहावे लागते, ही चष्मेवाल्यांची अडचण. डेनिस टेलर यांनी १९८५ साली जागतिक विजेतेपद जिंकले ते उंच काचांचा खास चष्मा लावूनच. आपल्या चष्मेवाल्याला खेळाची कल्पना द्यावी.

आता व्यसनाविषयी. सिगारेट किंवा तंबाखूने मन स्थिर होते असे खेळणारे म्हणतात. प्रत्यक्षात तंबाखूने हाताची थरथर वाढते. अति चहानेही तेच होते. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन खेळणे तर स्पर्धेच्या नियमांनुसार निषिद्ध आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धोक्याचेही आहे.

अर्ध्या तासाच्या खेळानंतर पाच मिनिटे ताठ उभे राहून खांदे फिरवावेत. टेबलाभोवती फिरणे म्हणजे व्यायाम नव्हे. रोजचे चालणे व पाठीचे व्यायाम वेगळे हवेत. मात्र हाताला मुंग्या येणे, बोटांतली ताकद कमी होणे किंवा कळ पायात उतरणे, यांपैकी काही झाले तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलाला असे काहीच नव्हते. पंधरा दिवस विश्रांती आणि व्यायाम, मग रोज एकच तास खेळ, आणि तंबाखूच्या धुरात बसायचे नाही, एवढ्या अटी घातल्या. वडिलांनाही एक अट घातली : एकदा स्वतः जाऊन मुलाचा खेळ पाहायचा.

महिन्याभराने दोघे आले. मान मोकळी झाली होती. "दहापैकी सहा सरळ जातात," मुलगा म्हणाला. वडिलांनी लगेच दुरुस्ती केली, "सात. मी मोजलेत."